देवचाराने उरकलेला म्हाळ

ज्या आठवड्यात देवचार मला न्यायला येणार होता, त्या आठवड्यात मला मरायलाही फुरसत नव्हती.

हे मी फुशारकीने सांगत नाही. पितृपक्ष चालू होता आणि रविवारी आमच्याकडे वडिलांचा म्हाळ होता. मुंबईची नोकरी संपवून मी गावी परतलो, त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. आमचं गाव तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. मुंबईत असताना म्हाळाला फक्त जेवायला यायचं असतं. गावात राहणाऱ्याला तो करावाही लागतो, हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं!

सोमवारी सकाळी बायकोने चहाबरोबर कामं वाढली.

"नारळ पाडून व्हये. खोबरां घाण्यार देवन तेल आणूक व्हया. मालवणाक जावन काळे वाटाणे आणि गूळ आणूक व्हयो. भटजीक सांगूक व्हया. आणि केळीची पानां."

"सगळां मीच?"

"मग काय पितरांक सांगू? ते जेवूक येतत, कामाक न्हय."

"आणि माझो गुडघो?"

"गुडघ्याचां मी काय करू? बाबलभावजींका सांगा म्हटलां तर तुमची मान ताठ!"

बाबलचं नाव निघालं आणि माझा चहा कडू झाला. बाबल म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त. तरुणपणी तारवावर होता, मग रेडीला खनिजाच्या पडावांवर, आणि आता माझ्यासारखाच रिकामा. अंगाने आडवा, बोलायला कमी, पाय हातभर लांब. मी गावी आल्यापासून आम्हा दोघांचा एकच छंद होता, गरवायचा. म्हणजे खडपावर, पाण्यालगतच्या खडकावर, बसून गळ टाकायचा आणि मासा लागेपर्यंत गप्पा मारायच्या. (गप्पा मी मारायच्या. मासे त्याने मारायचे.)

गेल्या शिमग्याच्या सुमारास माझ्या गळाला आयुष्यातली सगळ्यात मोठी तांबोशी लागली. मी ओढतोय, ती ओढतेय, दोरी तंबोऱ्यासारखी वाजतेय, आणि बाबल म्हणतो, "भाऊ, ती तांबोशी न्हय, दगड आसा. सोड." मी सोडतोय कसला! शेवटी त्याने कमरेची कोयती काढली आणि दोरी कापली. मी उताणा पडलो, गुडघा खडपावर आपटला आणि तांबोशी गेली. त्या दिवसापासून मी बाबलशी बोलत नव्हतो. त्याने दोनदा निरोप पाठवला. मी देवळाच्या ओसरीवर चारचौघांत जाहीर केलं, की बाबलने माझ्यासाठी काडी जरी उचलली, तरी ती मी परत पाठवीन. असली भाषणं मला फार छान जमतात.

तर गुडघा मोडका, कामांचा डोंगर आणि मित्र नाही. अशा वेळी आमच्याकडचा माणूस जे करतो तेच मी केलं. राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

गावाच्या शिवेवर एक जुनाट वड आहे, त्याखाली आमचा राखणदार असतो. त्यालाच कोणी देवचार म्हणतात. तिन्हीसांजेनंतर तो हातात काठी घेऊन गावाभोवती फेरी घालतो. फेरी घालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या करून वाहतात. साध्या मापाच्या नव्हेत, चांगल्या हातभर लांब! गुडघा बरा व्हावा म्हणून मी अशा वहाणा आधीच नवसाला बोललो होतो. त्या चांभाराकडून घेतल्या, नारळ घेतला, विडी घेतली आणि दुपार कलल्यावर लंगडत शीव गाठली.

नुकती एक सर पडून गेली होती आणि लगेच पिवळं ऊन आलं होतं. वडाच्या पारंब्यांतून थेंब गळत होते. जवळपास चिटपाखरू नाही. एक कावळा मात्र फांदीवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होता. पितृपक्षात कावळा असं बघायला लागला, की आपले कोण कोण गेले त्यांची आठवण होते. मी त्याला नमस्कार करून टाकला. (नंतर वाटलं, चुकून कोणा भलत्याच नातेवाइकाला केला की काय!)

गाऱ्हाण्याची आमच्याकडे एक रीत आहे. एकाने देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. हा "व्हय" आला नाही, तर गाऱ्हाणं लागू होत नाही. आणि कानावर पडलेल्या गाऱ्हाण्याला "व्हय" न म्हणणं आमच्या माणसाला जमत नाही. झोपलेला म्हातारासुद्धा झोपेत म्हणतो. मी एकटाच असल्याने मागणारा मीच आणि "व्हय" म्हणणाराही मीच, असा बेत होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या शिवेच्या राखणदारा! ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे व्हाणो घेवन उभां आसा. व्हय म्हाराजा! म्हाळ इलो, कामांचो डोंगर इलो, लेकराचो गुडघो मोडलो. व्हय म्हाराजा! तेव्हा जी काय कामां आसत, ती तूच तुझ्या परीन उरकून घी. व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हवं होतं. पण गाऱ्हाणं रंगलं होतं, आवाज लागला होता, आणि आवाज लागला की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही.

"आणि इतक्यां केलंस, तर शनवारी दिवेलागणीक माझ्या घराक ये, आणि तुका जां काय व्हया तां घेवन जा!"

इतकं बोलून मला धाप लागली. धापेत मी स्वतःचं "व्हय" म्हणायला विसरलो. क्षणभर सगळं शांत झालं. पारंबीवरचा एक थेंब टपकला.

आणि वडामागून खर्जात आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

माझा गुडघा मोडका होता, हे मी वर सांगितलंच आहे. मी घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, "इतक्यात इलास? धावत इलास काय?"

मंगळवारी सकाळी नारळ पाडणाऱ्याला बोलवायला म्हणून मी बाहेर पडलो. तो घरी नव्हता. त्याच्या अंगणात बसून वाट पाहिली, मग परत आलो. बघतो तर आमच्या परसात नारळांची रास! सोललेले, शेंड्या एका बाजूला, सोडणं दुसऱ्या बाजूला. माडांवरून नजर फिरवली. बरोबर आमच्याच माडांच्या पेंडी उतरल्या होत्या.

"ह्यां कोणी केलां?" मी बायकोला विचारलं.

"झालां मां? मग विचारतास कित्याक?" असं म्हणून ती तोंडाला पदर लावून आत गेली.

मागच्या पडवीत दोन कप उपडे घातलेले होते. दोन्ही ओले. आमच्या घरात माणसं दोन आणि माझा चहा तर पुढच्या ओटीवर झाला होता! आमचा कुत्रा, जो पोस्टमनलाही सोडत नाही, तो परसाच्या वाटेकडे बघून शेपटी हलवत होता. वाटेवर कोणीही नव्हतं. मी बायकोला विचारायचं ते तिथेच सोडून दिलं. तिला घाबरवायचं कशाला? (खरं म्हणजे तिने काही सांगितलं असतं, तर मी घाबरलो असतो.)

बुधवारी खोबऱ्याचं पोतं काढायला माळ्यावर चढलो. माळा रिकामा. तसाच घाण्यावर गेलो. बैल फिरत होता, घाणा कुरकुरत होता आणि तेली माझ्याकडे न बघता बैलाकडे बघत होता.

"आमचां खोबरां..." मी सुरुवात केली.

"गाळलां. तेल गेलां तुमच्या घराक."

"कोणी आणल्यान? कोणी नेल्यान?"

तेल्याने हातातलं काम थांबवलं. खाडीच्या दिशेने बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "भाऊनू, तां माका विचारू नकात. त्यान माका आण घातल्यान आसा."

"आण? कसली आण?"

"नाव घेतलंय तर तेलाचो नास होतलो, असां सांगान गेलो."

आता एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? मी शहाणपणाने तिथल्या बाकड्यावर बसलो.

संध्याकाळी देवळात भजनाची बैठक होती. म्हातारपणी पेटी शिकण्याचं खूळ मी घेतलं होतं आणि मंडळी ते सहन करत होती. त्या दिवशी माझी बोटं पेटीवर अशी थरथरली, की अभंगाला पहिल्यांदाच लोक डोळे मिटून बसले. भजन संपल्यावर मी नाना गुरवांना बाजूला घेतलं. गावातले सगळ्यात वयस्कर, देवाधर्माचे जाणते. त्यांना वडाखालची हकीकत सांगितली.

"मागल्यान 'व्हय' इलो?" नानांनी विचारलं.

"इलो."

"तू एकटोच होतंस?"

"मी आणि एक कावळो."

नानांनी बराच वेळ पानाला चुना लावला. "मगे कामां होतली. राखणदारान 'व्हय' म्हटलां तर तो करूनच सोडता. पण बोललंस काय त्याका? कोंबो?"

"नाय."

"नारळ?"

"तो आदीच ठेयललंय. बोललंय, जां काय तुका व्हया तां घेवन जा."

नानांचा चुन्याचा हात तिथेच राहिला. "जां काय व्हया? अरे मेल्या, असां कोण बोलता? कोंबो बोल, बकरो बोल, मोजून बोल! त्याका तुझ्या घरात काय व्हयां असतलां? भांडी काय?"

"मग?"

"शनवारी दिवेलागणीक कळतलां," असं म्हणून नानांनी पान तोंडात टाकलं. नंतर मला समजावण्यासाठी खांद्यावर हात ठेवला आणि वर म्हणाले, "तुझ्या बापाशीचो म्हाळ रविवारी मां? बरां आसा. भटजी आयतोच येतलो."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. रविवारच्या म्हाळाला मी वाढणाऱ्यांत असेन की जेवायला येणाऱ्या पितरांत, एवढाच प्रश्न होता. आणि काळ्या वाटाण्यांची उसळ मला फारशी आवडत नाही.

गुरुवारी ठरवलं, की निदान मालवणचं काम तरी आपण देवचाराच्या आधी गाठायचं. उरकलेली कामं जितकी कमी, तितका त्याचा हक्क कमी! पहाटेची एस.टी. पकडली आणि बाजार उघडायच्या आधी इस्माईलभाईंच्या दुकानाच्या फळीसमोर उभा राहिलो. त्यांचं आणि आमचं घरोब्याचं. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"भाऊसाब, तुमी कशाला आलाव? वाटाणे, गूळ, सगळा कालच गेला."

"काल?"

"काल दुपारी. पोता खांद्यावर टाकून चालत गेला. गाडीचीपण वाट बघली नाय."

मालवणहून आमच्या गावापर्यंत पोतं घेऊन चालत! हे काम माणसाचं नव्हे. मी फळीवर ओणवा झालो आणि कुजबुजत विचारलं, "इस्माईलभाई, त्याचे पाय बघितलेत?"

"बघले ना! बापरे, काय ते पाय!"

"उलटे होते?"

इस्माईलभाईंनी थोडा विचार केला. "नाय, सुलटेच. पन केवढे! आनि पायात वहाना एकदम नव्या."

मला त्यांनी सोडा पाजला. गाडीत बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, की ह्यांना नीट उतरव, तब्येत बरी नाही.

शुक्रवारी मी पुन्हा शीव गाठली. धीर गोळा करून वडाखाली गेलो. मी वाहिलेल्या वहाणा जागच्या जागी होत्या. पण त्या मी ठेवलेल्या वहाणा राहिल्या नव्हत्या! टाचा झिजल्या होत्या. एका वहाणेवर ताज्या खोबरेल तेलाचा डाग होता. अंगठ्याच्या फटीत काळा वाटाणा अडकला होता. दुसऱ्या वहाणेला नारळाच्या सोडणाचे तंतू चिकटले होते. माझ्या सबंध आठवड्याचा हिशेब त्या दोन वहाणांवर लिहिलेला होता. फक्त भटजी आणि केळीची पानं बाकी होती.

घरी येतो तर वाटेत भटजीच भेटले. म्हणाले, "निरोप मिळाला हो. रविवारी येतो." निरोप कोणी दिला ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून हसले. म्हाळाच्या आधी भटजी असा हसून मोजमाप घेतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता उरली होती फक्त केळीची पानं.

शनिवारी मी सकाळीच न्हालो. धुतलेलं धोतर नेसलो. पेटी पुसून ठेवली. मुंबईच्या मुलाला पत्र लिहावं असं मनात आलं, पण 'मला आज देवचार नेणार आहे, तुम्ही सुखरूप असा' हे मुंबईच्या माणसाला पटवणं कठीण. बायकोकडे डोळे भरून पाहिलं. ती पाट्यावर वाटण वाटत होती.

"गो, तुका माझ्यामुळे काय त्रास झालो आसात तर..."

"झालो तर! सकाळपासून मधीच बसलास. उठा थयसून, माका उडीद निवडूक व्हये."

दिवस कलला. समुद्राकडून करडा अंधार सरकत आला. खाडीवर धुकट वाफ धरली होती. पलीकडचे माड दिसेनासे झाले. बायकोने देवाकडे दिवा लावला, तुळशीकडे दिवा लावला आणि ती आत गेली. मी ओटीवर एकटा. बेडूक ओरडत होते, ते एकदम थांबले. कुत्र्याने कान टवकारले, तो उठला आणि भुंकायच्या ऐवजी शेपटी हलवायला लागला.

पाणंदीतून आवाज आला. खर्र... खर्र... कातडी वहाणांचा, संथ, जड. त्यात वर काहीतरी सळसळत होतं. मग धुक्यातून आकार दिसला. माणसासारखे पाय आणि डोक्याच्या जागी हिरवंकाळं, झोके घेणारं, भलंमोठं काहीतरी! डोळे नाहीत, तोंड नाही. ते अंगणात येऊन उभं राहिलं.

मी हात जोडले. डोळे गच्च मिटले. आणि माझं तोंड, जे आवाज लागला की माझ्या ताब्यात राहत नाही, ते सुरू झालं.

"म्हाराजा, इलास? बरां केलास. पण जरा आयका. माका नेवन तुमका काय फायदो? गुडघो मोडको, दात अर्धे, रात्रभर खोकतंय. तुमची झोपमोड होतली! व्हयोच आसात माणूस, तर बाबल आसा. खालच्या वाडीत, माडाखालचां शेवटचां घर. धडधाकट माणूस, पोतां खांद्यार घेवन चलात. तुमच्या मापाचो पाय आसा. बायको गेली, पोरां नाय, कोण रडूक नाय. माका सोडा म्हाराजा, आणि त्याका न्या!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज तोच. खर्जातला. मी डोळे उघडले नाहीत.

"पानां खंय ठेवू?" आवाजाने विचारलं.

आणि आतून बायकोचा आवाज आला, "पडवीत ठेवा बाबलभावजी, आणि पाय धुवन घ्या, चाय ठेयली आसा."

मी डोळे उघडले. डोक्यावरची केळीच्या पानांची मोळी उतरवून बाबल अंगणात उभा होता. पायात राखणदाराच्या वहाणा.

"आवशीचो घोव!" माझ्या तोंडून निघालं. सहा महिन्यांनंतर मी त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

मग सगळं बाहेर आलं. सोमवारी मी शिवेवर गेलो तेव्हा बाबल वडामागे विडी ओढत बसला होता. मला येताना बघून, उगाच तोंडाला तोंड नको म्हणून गप्प राहिला. मी गाऱ्हाणं सुरू केलं. माझ्या धापेत "व्हय" राहून गेला आणि त्याच्या तोंडून निसटला.

"मग बाहेर येवन सांगूचां नाय?" मी ओरडलो.

"सांगतलंय कोणाक? तू धावलंस! गुडघो मोडको म्हणतंस, आणि हरणासारखो गेलंस."

"आणि कामां कशाक केलंस?"

बाबल गोंधळला. असला अडाणी प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "राखणदाराच्या झाडाखाली 'व्हय' बोललंय मां? मग करूकच व्हयी. तुझी आण होती, माझी काडी परत पाठयतलंस. म्हणान सगळ्यांका सांगितलंय, माझां नाव घेव नकात, नायतर तेल परत येतलां आणि नासतलां."

"आणि ह्यो व्हाणो? राखणदाराच्यो व्हाणो तू घालतंस?"

"माझी फाटली. दुसऱ्या कसल्या व्हाणेत माझो पाय जाता? रोज संध्याकाळी परत ठेयतंय. त्याचां काम, त्याच्यो व्हाणो. विचारलंय त्याका."

"काय बोललो?"

"गप रवलो. म्हणजे व्हय."

बायको दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला मंगळवारपासून सगळं माहीत होतं. देवचाराला रोज मागच्या पडवीत चहा आणि पोहे मिळत होते.

बाबल पायरीवर बसला. कपाकडे बघत हळूच म्हणाला, "पण भाऊ, कोण रडूक नाय, असां बोललंस काय रे?"

मला काय बोलावं सुचेना. जन्मात पहिल्यांदाच सुचेना.

"तू रडलो नसतंस?" त्याने विचारलं.

आणि मला खरंच रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन, साठी ओलांडलेला माणूस, धुतलेल्या धोतरात! बाबल घाबरला. "बस, बस, इतक्यां पुरे, मी जिवंत आसंय," म्हणत माझी पाठ थोपटायला लागला. त्या हाताचे फटके मला दोन दिवस दुखत होते, पण बरं वाटलं. इतके महिने मी काय गमावून बसलो होतो, ते त्या पाठीला कळलं.

जरा सावरल्यावर मी विचारलं, "मग तू काय नेतलंस? गाऱ्हाण्यात बोललंय, जां काय व्हया तां."

बाबलने घरात नजर फिरवली. पेटीवर ती क्षणभर थांबली आणि घाईघाईने पुढे गेली. "तुकाच न्हेतंय," तो म्हणाला. "सोमवारी. गरवूक."

म्हाळ छान झाला. कावळा लगेच शिवला. नाना गुरव जेवताना सारखे माझ्याकडे बघत होते. मी अजून इथे कसा, हे त्यांना कळत नव्हतं आणि ते जरा नाराजही दिसले.

सोमवारपासून आम्ही पुन्हा खडपावर जायला लागलो. अडचण एकच होती. खडपाकडे जायला भाटीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी खाडीचा एक फाटा पायी ओलांडावा लागतो आणि माझा गुडघा पाण्यात टिकेना. मग बाबल मला खांद्यावर घ्यायचा. मी वर बसून दोघांचे गळ आणि कंदील धरायचो, आणि त्याला वाट सांगायचो. परतताना बहुधा दिवेलागण होऊन जायची.

दिवाळीनंतर एके दिवशी पलीकडच्या तीरावरची एक म्हातारी भेदरलेल्या चेहऱ्याने देवळात आली. मुंबईत राहून आलेला, चार बुकं शिकलेला माणूस म्हणून नानांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

"भाऊनू," ती म्हणाली, "खाडीत एक भूत फिरता. मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. काळोख पडलो की पाण्यातसून येता. माडाएवढां उंच, आणि दोन तोंडां!"

बाबल शेजारी बसून गळाला दोरी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"खालचां तोंड गप आसता," म्हातारी सांगत होती. "वरच्या तोंडाक टक्कल आसा. हातात उजेड आसता आणि सारख्यां बडबडता. डाव्या अंगान चल, उजव्या अंगान चल, हळू चल, खड्डो आसा. थांबणाच नाय!"

मी तिला धीर दिला. म्हटलं, "घाबरू नको गो बाये. तां वरचां तोंड कोणाक काय करूचां नाय."

"तां माकाय म्हायत आसा," म्हातारी म्हणाली. "सगळां खालचांच करता. वरचां नुसतां बोलता."

नोकरी सुटताना साहेबाने मला जो दाखला दिला होता, त्यातसुद्धा माझं इतकं नेमकं वर्णन नव्हतं.